अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि एनआयसीयूतले दिवस

या महिन्यात वाचकांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांबद्दल विचारलेले प्रश्न घेतले आहेत. उत्तरं नवजात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर आणि परिचारिका यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : बाळ ३० आठवड्यांचं, १२०० ग्रॅमचं जन्मलं. सातव्या दिवशी वजन १०९० झालं, तरी डॉक्टर म्हणतात ठीक आहे. घरी सगळे म्हणतात, सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. यात काही तथ्य आहे का? (एक आई, बार्शी)

नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. फुप्फुसं उघडी ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा तयार होतो. म्हणून ३४ आठवड्यांच्या बाळाला श्वासाचा त्रास ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा बराच कमी होतो. प्रसूतीआधी तुम्हाला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील, तर ती बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणूनच होती.

वजनाचं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात अशा बाळांचं वजन १० टक्क्यांपर्यंत, कधी १५ टक्क्यांपर्यंतही उतरतं. अंगातलं जादा पाणी कमी होतं आणि दूध अजून थोडंच सुरू असतं. तुमच्या बाळाची घट ९ टक्के आहे. जन्मवजन साधारण १० ते १४ दिवसांत परत येतं. त्यानंतर रोज किलोमागे सुमारे १५ ग्रॅम वाढ हवी, म्हणजे तुमच्या बाळाला दिवसाला १५ ते २० ग्रॅम. एका दिवसाच्या काट्यावर जाऊ नका. नळी बदलली, लंगोट जड असला, शी व्हायची राहिली, एवढ्यानेही आकडा हलतो. तीन-चार दिवसांचे आकडे एकत्र बघा.

प्रश्न : बाळ पेटीत आहे, ओढत नाही. सिस्टर दूध काढून आणायला सांगतात, पण चमचाभरही निघत नाही. सासूबाई म्हणतात, दूध आटलं, पावडरचं द्या. (सांगोला)

दूध आटलेलं नाही, अजून यायचं आहे. पहिले दोन-तीन दिवस थेंबच येतात आणि त्या पिवळसर चिकाचे थेंबच बाळाला लागतात. हिशेब बघा. १२०० ग्रॅमच्या बाळाला सुरुवातीला किलोमागे दिवसाला २० मिली दूध दिलं, तर दर दोन तासांनी फक्त २ मिली होतात. तेवढंही पचत नसेल, तर चिकाचे दोन-तीन थेंब गालाच्या आतल्या बाजूला लावतात. त्याचाही उपयोग आहे. पुढे दूध रोज वाढवत किलोमागे १६० मिलीपर्यंत नेतात. तेव्हाही याच वजनाला दर दोन तासांनी १६ मिली पुरतात.

दूध वाढतं ते छाती वारंवार रिकामी केल्याने. प्रसूतीनंतर जमेल तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या सहा तासांत सुरुवात करा आणि २४ तासांत ८ ते १२ वेळा काढा. रात्रीचं एक तरी काढणं चुकवू नका, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. बहुतेक जणींचं दूध कमी होतं ते इथेच: दिवसा नेमाने काढतात, रात्री आठ तास सोडतात, छाती दगडासारखी होते आणि शरीर ‘एवढं नको’ असं समजून दूध कमी करतं.

हात साबणाने धुवा. वाटी उकळून घेतलेली हवी. पहिल्या दिवसांत तर सरळ चमच्यात किंवा २ मिलीच्या सिरिंजमध्ये थेंब गोळा करा, वाटीत ते पसरून वाया जातात. अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून सुमारे तीन-चार सेंटिमीटर मागे, काळ्या भागाच्या कडेला धरा. आधी छातीकडे मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. परत तेच. कातडीवर बोटं घासू नका आणि स्तनाग्र पिळू नका, त्याने जखम होते, दूध येत नाही. धार मंदावली की बोटांची जागा फिरवा, मग दुसरी बाजू घ्या. एकूण १५ ते २० मिनिटं लागतात. पंप वापरत असाल तर ओढ दुखेल इतकी वाढवू नका. बाळाजवळ बसून किंवा त्याला छातीवर घेतल्यानंतर लगेच काढलं तर जास्त निघतं, हे आम्ही वॉर्डात रोज पाहतो. दोन आठवड्यांच्या सुमारास दिवसाला ५०० मिलीच्या आसपास पोचलात, तर पुढची चिंता बरीच मिटते.

डब्यावर नाव, तारीख, वेळ लिहा. दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये बहुतेक रुग्णालयं या बाळांसाठी २४ तासांची मर्यादा पाळतात. घरून आणायचं तर बर्फाच्या पिशव्या घालून बंद डब्यात आणा. गरम करायला कोमट पाण्यात वाटी धरा, उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.

अळीव, डिंकाचे लाडू, शेपू, मेथी खुशाल खा, अंगात ताकद येते. पण लाडू खाऊन दूध न काढता झोपलात, तर दूध वाढणार नाही. आणि तोपर्यंत खरंच कमी पडत असेल, तर पावडरच्या आधी मानवी दूध पेढीबद्दल विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूध पेढी सुरू केली. आज इतरही रुग्णालयांत पेढ्या आहेत. दात्या मातांची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक केलं जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका पावडरपेक्षा आईच्या किंवा दात्या आईच्या दुधाने कमी राहतो.

प्रश्न : मॉनिटर सारखा वाजतो. कधी कधी बाळ श्वासच घेत नाही. सिस्टर तळपायाला टिचकी मारतात आणि ते परत सुरू होतं. मला तिथे बसवत नाही. (एक वडील, नाशिक)

श्वास चालू ठेवणारं मेंदूतलं केंद्र अजून कच्चं आहे, म्हणून बाळ मध्येच थांबतं. २० सेकंदांपेक्षा जास्त थांबलं, किंवा कमी वेळ थांबूनही हृदयाचे ठोके किंवा ऑक्सिजन घसरला, तर त्याला अॅप्निया म्हणतात. यासाठी कॅफिनचं औषध देतात. गरोदरपणाचे आठवडे धरून बाळ ३६-३७ आठवड्यांचं होण्याच्या सुमारास हा त्रास बहुतेक बाळांमध्ये थांबतो. मात्र शांत चाललेल्या बाळाचे अॅप्निया अचानक वाढले, तर आम्ही आधी जंतुसंसर्ग शोधतो. तेव्हा रक्ततपासणी का, असं तुम्हाला वाटलं तर कारण हे.

वाजणं मात्र पुष्कळदा पायावरचा सेन्सर सरकल्याने असतं. आधी बाळाचा रंग आणि छाती बघा, पडदा नंतर. ऑक्सिजन लावलेल्या बाळाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आम्ही मुद्दाम ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवतो. ‘१०० का नाही’ असं जवळपास प्रत्येक बाप विचारतो. जादा ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, म्हणून.

रोज राउंडला पाच गोष्टी विचारून वहीत लिहा: आजचं वजन, दूध किती मिली आणि किती वेळाने, ऑक्सिजन किती टक्के, २४ तासांत अॅप्निया किती वेळा, आणि आज काय बदलणार आहे. ‘बाळ कसं आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळतं. व्हेंटिलेटरवरून सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) आणि सीपॅपवरून नुसत्या ऑक्सिजनवर आलेलं बाळ कधी एक पायरी मागे जातं, तेही विचारून घ्या. बहुतेक वेळा त्याचं कारण सांगता येतं.

प्रश्न : नाकात सीपॅप, तोंडात नळी असताना कांगारू देता येतं का? बाप देऊ शकतो का? घरात दहा दिवसांच्या सुवेराचा प्रश्न आहे. (सातारा)

देता येतं आणि द्यावंच. कांगारू म्हणजे बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून धरणं. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून सुरू झाली. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर लगेच सुरू करायला सांगते, दिवसातून ८ ते २४ तास. त्याआधी झालेल्या आणि दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाचाही सहभाग असलेल्या मोठ्या अभ्यासात, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता कांगारू दिलेल्या गटात मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. सुवेराचे दहा दिवस नेमके तेच आहेत, ज्यांत या स्पर्शाची सर्वांत जास्त गरज असते. घरातल्या मोठ्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. राउंडला आजीला बोलवा, आम्ही आनंदाने सांगतो.

पुढून उघडणारा सदरा किंवा गाऊन घाला. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, कोपरापर्यंत ४० ते ६० सेकंद हात धुवा. फोन बाहेर. अत्तर, विक्स काही लावू नका. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच. दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळलेली आणि किंचित मागे. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट बंद होते, हीच सगळ्यांत मोठी चूक. कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली येईल असं घट्ट बांधा. सैल बांधलं तर बाळ खाली घसरतं आणि मान वाकते. स्वतः सपाट झोपू नका, ३० ते ४० अंश कललेल्या खुर्चीत बसा. एका वेळी निदान एक तास द्या. अर्ध्या तासात काढून ठेवलं, तर उचल-ठेव करण्यातच बाळ दमतं. नळ्या सिस्टर सांभाळतील. व्हेंटिलेटरवर असेल तर कधी सुरू करायचं, ते तुमच्या युनिटला ठरवू दे.

बापाने जरूर द्यावं. छातीवर केस असले तरी काही बिघडत नाही. सिझेरियन झालेली आई पहिल्या दिवशी येऊ शकत नसेल, तर पहिला तास बापाचाच. फक्त ताप, सर्दी किंवा छातीवर पुरळ असेल तेव्हा थांबा.

प्रश्न : २६ व्या दिवशी घरी सोडलं. ३० दिवसांच्या आत डोळे तपासायला सांगितलंय. बारशानंतर गेलं तर चालेल का? शहर ९० किलोमीटरवर आहे. (लातूर जिल्हा)

चालणार नाही. बारसं पुढे ढकला. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची आरओपीची (अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. अमेरिकेत ही मर्यादा ३० आठवडे किंवा १५०० ग्रॅम आहे. आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांनाही हा आजार होतो, म्हणून आपली मर्यादा मुद्दाम मोठी ठेवली आहे. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, बाळ दिव्याकडे बघतंही, आणि आत पडदा सुटत असतो. गरज पडली तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत करावं लागतं. पहिली तपासणी चांगली निघाली तरी पुढची तारीख दिली असेल तर जा. रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचेपर्यंत तपासण्या चालतात. ड्रॉप्स घालून डोळा उघडून ठेवतात, बाळ रडतं. निघण्याआधी डोळ्यांच्या विभागाला फोन करून वेळ आणि दूध कधी पाजायचं ते विचारा. कानांची तपासणी झाली आहे का, तेही डिस्चार्ज कार्डावर बघून घ्या.

प्रश्न : खर्च आवाक्याबाहेर जातोय. (जालना)

जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांचा सरकारी विशेष विभाग) जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. खासगी रुग्णालयात असाल तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणारा तिथला कर्मचारी) विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही. बाळाला हलवायचं असेल तर स्वतःच्या गाडीत नेऊ नका. तापमान आणि ऑक्सिजन सांभाळणारी रुग्णवाहिका हवी, आणि समोरच्या ठिकाणी जागा आहे हे आधी फोनवर पक्कं करा.

प्रश्न : बाळ सुधारतंय, पण मला सारखं रडू येतं. माझंच काही चुकलं, असं वाटतं. (पुणे)

तुमचं काही चुकलेलं नाही. वेळेआधी प्रसूती का झाली, याचं कारण कित्येकदा सापडतच नाही. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू पुष्कळ जणींना येतं. त्यापुढेही झोप लागत नसेल, खावंसं वाटत नसेल, बाळाकडे जाऊ नयेसं वाटत असेल, तर आमच्यापैकी कुणालाही सांगा. किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला, तर त्याच दिवशी.

प्रश्न : घरी आल्यावर मालिश, शेक, गुटी कधी सुरू करायची? (कोल्हापूर)

गुटी, मध, काजळ, नाका-कानात तेल, वेखंड आणि धुरी: यातलं काहीच नको. धुराने या फुप्फुसांना खरोखर त्रास होतो. हलक्या हाताने खोबरेल तेल लावायला हरकत नाही, पण मालिशवाल्या मावशींना हात-पाय ओढून मोडू देऊ नका. शेगडीऐवजी कांगारू चालू ठेवा, वजन २५०० होईपर्यंत किंवा बाळच वळवळून ‘नको’ म्हणेपर्यंत. ओढून दमत असेल तर उरलेलं काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्या, बाटलीने नाही. व्हिटॅमिन डी रोज ४०० युनिट आणि लोहाचे थेंब वजनानुसार, लिहून दिलेत तेवढेच.

दूध ओढणं सोडलं, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत जाणं, अंग ३५.५ अंश सेल्सिअसखाली गार किंवा ३७.५ वर गरम, झटके, तळहात-तळपाय पिवळे: यातलं एकही दिसलं तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा. ते मध्यरात्रीही करा.

लसी जन्मतारखेवरूनच द्यायच्या, सहा आठवड्यांच्या लसी सहा आठवड्यांनाच, वजन कमी आहे म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत. वाढ मात्र प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेवरून मोजा. दहा आठवडे आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी मान धरणं, कुशीवर वळणं या बाबतीत ते साडेतीन-पावणेचार महिन्यांचंच असतं, आणि शेजारच्या बाळाशी तुलना दोन वर्षांपर्यंत याच हिशेबाने करायची.