दारू नाही, मटका नाही, पुस्तकंच घेतो ना?

“मॅडम, ह्यांना पुस्तकांचं व्यसन लागलंय. सुटेल ना?” एका गृहस्थांच्या बायकोने फोनवर माझी वेळ मागितली ती अशी. हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतच असतो. कधी आई विचारते, कधी मुलं, पुष्कळदा घेणारा स्वतःच. पुस्तकाच्या दुकानात शिरलं की पिशवी भरल्याशिवाय पाय निघत नाही, घरी आधीची तशीच पडलीत, हा आजार तर नव्हे? या गृहस्थांची हकीकत सांगते, त्यात बरंचसं उत्तर आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

रत्नागिरीहून दोनेक तासांवरच्या तालुक्याच्या गावात त्यांचं मेडिकल. गावात सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणते. पहिल्या भेटीला यायलाच त्यांनी खूप वेळ लावला. रत्नागिरीत इंग्रजांच्या काळापासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे ‘याला रत्नागिरीला न्या रे’ हा टोमणा आपल्याकडे सर्रास मारला जातो. आमच्यासारख्या मनाच्या तक्रारी ऐकणाऱ्यांकडे येणाऱ्याला आधी तो टोमणा ओलांडून यावं लागतं.

आले ते तयारीनेच. “दारू नाही, तंबाखू नाही, मटका नाही. पुस्तकंच घेतो ना?” वर बाबासाहेबांचा दाखला. “आपल्या मंडणगडातल्या आंबडव्याचं घराणं. पुस्तकं मावावीत म्हणून दादरला राजगृह बांधलं. त्यांना कोणी विचारलं?” बाबासाहेब विकत घेतलेलं वाचत होते, हे आप्पांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, म्हणून मी त्या वादात शिरले नाही. त्यांचं पहिलं वाक्य मात्र मला सोडवेना. साडीचा, मोबाइलचा, बाइकचा घरात हिशेब द्यावा लागतो. पुस्तकांची पिशवी घेऊन उतरणाऱ्याचं शेजारीपाजारीही कौतुक करतात. त्या कौतुकाआड दुसरं काही दुखत असलं तर ते कोणाच्या नजरेला पडत नाही, त्या माणसाच्या स्वतःच्याही.

आजाराचं आधी सांगून टाकते. मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या 2013 च्या आवृत्तीत साठवणुकीच्या विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. पण त्यात वस्तू टाकून देणं जमत नाही, टाकायच्या नुसत्या विचाराने जीव कासावीस होतो आणि राहती जागा वापरता येईनाशी होते. पुस्तकखरेदीचा वेगळा आजार तिथे नाही. न वाचलेली पुस्तकं घरात असणं तर मी काळजीचं मानतच नाही. वाचणाऱ्याच्या घरी ती असायचीच. मी बघते ते कर्ज झालंय का, किंमत घरात खोटी सांगावी लागते का, आणि थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही का, एवढं. आप्पांवर कर्ज नव्हतं. पण नवी पुस्तकं औषधांच्या रिकाम्या खोक्यांत घालून दुकानाच्या पोटमाळ्यावर जात होती आणि घरी एक-दोनच पोचत होती. बायकोला ती खोकी सापडली म्हणून तर फोन आला होता. मुलाच्या डिप्लोमाची फी भरायची होती, तिचं चिडणं साहजिक होतं.

आप्पा पुस्तकं पूर्वीही घेत. 2013 च्या जानेवारीत चिपळूणला साहित्य संमेलन झालं तेव्हा दोघं मिळून गेली होती, पिशव्या भरून आणल्या, आणि आणलेलं वाचलंही. मग अलीकडे काय बदललं? त्यांना सांगता येईना. मी एक वही करायला सांगितली. पुस्तक कुठे घेतलं, कितीला, त्या दिवशी त्याआधी काय झालं आणि वाचताना कुठल्या पानावर सोडलं, बस्स.

वही भरून आली तेव्हा शेवटचा रकाना जवळजवळ रिकामा होता. ‘त्याआधी काय झालं’ हा रकाना मात्र पुन्हा पुन्हा एकच सांगत होता: ‘तारीख’.

चुलत्यांशी जमीनवाटपाचा दावा. तालुक्याच्या कोर्टात निकाल लागला, अपील रत्नागिरीला जिल्हा न्यायालयात. पहाटेची एसटी धरायची, दुकान दिवसभर बंद, कोर्टाच्या व्हरांड्यात ज्यांच्या मांडीवर खेळलो त्या काकांकडे न बघता उभं राहायचं, आणि दुपारी कळायचं की पुढची तारीख मिळाली. परतीच्या गाडीला वेळ असायचा. स्टँडकडे जाताना पुस्तकाचं दुकान लागायचं. तिथला मालक “या आप्पा” म्हणून स्टूल पुढे करायचा, त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं दाखवायचा, मागच्या पुस्तकाबद्दल विचारायचा. तासभर ते कोणाचे पक्षकार नसायचे. रिकाम्या हाताने उठायचं कसं? दीड-दोन हजारांची पिशवी व्हायची.

हे एकदा दिसल्यावर आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हिला कोर्टातलं काही सांगत नाही मी. जेवण जात नाही तिला.” खोकी लपवण्याचं मूळही तेच होतं, पैसे नंतर आले.

मेंदूचं थोडं सांगते, कारण याचा उपयोग झाला. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की बक्षिसाची खूण शिकवल्यावर डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी बक्षीस हाती येताना नव्हे, खूण दिसताच चेततात. आप्पांचं पुस्तक दुकानात हातात घेतल्यावर जेवढं रंगायचं तेवढं एसटीत बसल्यावर रंगत नसे, घरी तर मुळीच नाही. यात त्यांच्या मनाचा दुबळेपणा शोधायचं कारण नव्हतं.

पुस्तकाच्या दुकानात जाणं बंद करायला मी सांगितलं नाही. तो तास त्यांना हवाच होता. ठरलं ते असं: कोर्टातून बाहेर पडलं की आधी कॅन्टीनमध्ये चहा, आणि तिथून बायकोला फोन, काय झालं ते खरं सांगायचं. मग दुकानात जायचं, बसायचं, गप्पा मारायच्या, आवडलेल्या पुस्तकाचं नाव वहीत लिहायचं आणि ते पुढच्या तारखेला घ्यायचं. तोवर हवंसं वाटलं तर. पहिल्यांदा रिकाम्या हाताने उठताना त्यांना मालकाची फार लाज वाटली. मालकाने चहा मागवला होता, एवढंच झालं. पुढे लिहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त नावं पुढच्या तारखेला त्यांनी स्वतःच खोडली. रत्नागिरी नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे, तिथे जाऊन बसा असंही मी सुचवलं होतं. ते त्यांना पटलं नाही. “परत द्यायचं पुस्तक माझ्याच्याने वाचवत नाही,” म्हणाले. राहिलं.

पोटमाळ्यावरच्या खोक्यांचं काम पावसाने सोपं केलं, म्हणजे अवघड केलं. हवेतला ओलावा सत्तर टक्क्यांच्या वर टिकला की कागदावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळाभर तो त्याहून कितीतरी जास्त. त्यात आप्पांनी पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधलेली. आतला दमट आतच. श्रावणातल्या उघडिपीला नवराबायकोने सगळी खोकी खाली उतरवली. काही वाळवीने संपवली होती. एका पुस्तकाच्या तीन प्रती निघाल्या, तिन्ही न उघडलेल्या. चांगली होती ती भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवलेल्या लोखंडी रॅकवर, घरात आली. खर्चाचा आकडा बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण ऐकला, आणि दोन दिवस ती बोलली नाही. तो राग मी मिटवायला गेले नाही.

तुमच्या घरात असं असेल तर कपाट मोजत बसण्याआधी पुस्तकं कुठल्या दिवशी येतात ते बघा. उधारी चढत असेल, किंवा खरेदीच्या काळात झोप उडून बोलणं-बेत सगळंच अचानक वाढलं असेल, तर मात्र वही वगैरे नको, थेट मनोविकारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीतून फुकट बोलता येतं.

आप्पांचं अपील अजून चालू आहे. आता तारखेला बायको बरोबर येते. पुस्तकं महिन्याला दोन, कधी तीन. तिसऱ्यावरून घरी भांडण होतं, पण ते उघड होतं.