बाळाचं लिंग स्पष्ट नाही, हे आईवडिलांच्या पापाचं फळ आहे का?

नाही. आणि धर्माच्या आधी बाळाच्या रक्तातले क्षार, म्हणजे सोडियम-पोटॅशियम, तपासा. अशा काही बाळांत अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या, अ‍ॅड्रिनल) ग्रंथीचा दोष असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उलट्या, सुस्ती, दूध न पिणं सुरू झालं, तर शरीरातलं मीठ घटत असू शकतं, आणि ते जीवावर बेततं. हा दोष ओळखणारी १७-ओएचपी (एका हार्मोनची) रक्ततपासणी जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर करतात. मुंबईत परळच्या वाडिया रुग्णालयासारख्या ठिकाणी बालरोग हार्मोनतज्ज्ञ गाठा. नवस-शांती करायचीच तर नंतर करा.

आता पापाचं. कर्मविपाकाची (मागच्या कर्माचं फळ भोगण्याची) भाषा आपल्याकडे आहे, हे खरंच, पण मनुस्मृती (३.४९) कारण देते ते स्त्री-पुरुष बीज समसमान असण्याचं. ते आजच्या विज्ञानात बसत नाही, तरी दोष कुणाच्या माथी मारत नाही. (तीच स्मृती पुढे नपुंसकाला वारसा नाकारते, तेही लपवू नये.) इस्लामी फिक्हमध्ये (धर्मकायद्यात) ‘खुन्सा’च्या, म्हणजे लिंग स्पष्ट नसलेल्या व्यक्तीच्या, नमाजाचे, वारशाचे नियम आहेत, म्हणजे ती व्यक्ती समाजात धरलेली आहे. बायबलमध्ये जन्मांधाबद्दल ‘पाप कुणाचं, याचं की आईबापाचं?’ असं विचारल्यावर येशू दोन्ही नाकारतो (योहान ९), आणि मत्तय १९:१२ मध्ये जन्मतःच नपुंसक असलेल्यांचा उल्लेख निंदेविना येतो.

लैंगिक आचरणावर धर्मांची मतं कडक असतील, पण ती कृतीबद्दल आहेत. शरीररचना ही कृती नव्हे. मोठेपणी आकर्षण कुणाचं वाटेल, हेही त्यावरून ठरत नाही.

‘लोक काय म्हणतील’ म्हणून घाईने शस्त्रक्रिया मात्र करू नका. लघवीला अडथळा वगैरे नसेल तर थांबता येतं. कापलेलं परत येत नाही.