शिकागोत एकच सकाळ मोकळी आहे. डाउनटाउनमधली रस्त्यावरची शिल्पं पायी होतील का, की मिलेनियम पार्कमधली ती चकचकीत 'बीन' पाहिली की पुरे? पिकासोचं ते गंजकं लोखंड बघण्यासारखं आहे का? आधुनिक शिल्प मला कळत नाही.

सगळी होतील, वर वेळही उरेल. पण 'गंजकं लोखंड' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. मी फॅब्रिकेशनमधला, म्हणजे पोलादी पत्रे कापून-जोडून वस्तू उभ्या करण्याच्या धंद्यातला माणूस आहे. शिकागोचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच, आणि पाठोपाठ 'रंग का देत नाहीत?' हेही येतं.

आधी रस्ता सांगतो. डिअरबॉर्न स्ट्रीट आणि वॉशिंग्टनच्या चौकात, डेली प्लाझावर सुरुवात करा. तिथे पिकासो. वॉशिंग्टन ओलांडलं की समोरच दोन इमारतींच्या मधल्या जागेत मिरो या कलाकाराचं शिल्प. मग डिअरबॉर्नने दक्षिणेकडे चालत राहा. मन्रो स्ट्रीटच्या अलीकडे शागालचं मोझेक आणि ॲडम्स ओलांडल्यावर कॅल्डरचा 'फ्लेमिंगो'. अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे. चारही डिअरबॉर्नच्या पश्चिम अंगाला असल्यामुळे तो रस्ता ओलांडावा लागत नाही. मात्र त्याच अंगाला सायकलींची दुतर्फा मार्गिका आहे, फोटोसाठी मागे सरकताना तिच्यात पाऊल टाकू नका.

पिकासोचं शिल्प १५ ऑगस्ट १९६७ रोजी खुलं झालं. उंची ५० फूट, वजन १६२ अमेरिकन टन, म्हणजे साधारण १४७ मेट्रिक टन. इंडियानातल्या गॅरी इथल्या कारखान्यात ते आधी पूर्ण जुळवलं, मग सुटं करून चौकात आणून पुन्हा उभं केलं. एवढ्या आकाराच्या कामात कारखान्यात जुळणी करून बघणं किती गरजेचं असतं हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. जागेवर एक पत्रा पाच मिलिमीटर इकडेतिकडे निघाला की पुढची प्रत्येक जोडणी ओढूनताणून बसवावी लागते.

पोलाद आहे कॉर-टेन. त्यात तांबं, क्रोमियम, निकेल, फॉस्फरस थोड्या प्रमाणात असतं. साध्या लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो, खालचा धातू उघडा पडतो आणि पुन्हा गंजतो. कॉर-टेनही सुरुवातीला गंजतं, पण त्याचा थर दाट बसतो, पत्र्याला घट्ट धरून राहतो आणि पुढचा गंज फार मंदावतो. तुम्हाला जो गंज दिसतो तेच त्याचं संरक्षण. तो खरवडून वर रंग मारा म्हणणाऱ्यांना हे पोलाद का निवडलं तेच ठाऊक नसतं.

हा थर नीट जमायला पृष्ठभाग आळीपाळीने ओला आणि कोरडा व्हावा लागतो. जिथे पाणी साचतं, पाला अडकतो किंवा दोन पत्र्यांत बारीक फट राहते, तिथे ओल वाळतच नाही आणि कॉर-टेनसुद्धा साध्या लोखंडासारखं गंजत जातं. हिवाळ्यात बर्फावर टाकतात त्या मिठाचंही तसंच, क्लोराइड त्या थराला टिकू देत नाही. म्हणून शिल्पापाशी गेलात की चेहरा कुणाचा हे शोधण्याआधी पाणी कुठून वाहून जातं ते बघा. पत्रे कसे तिरके आहेत, सळया पत्र्यांना कुठे मिळतात, खाली फरशीशी सांधा कसा आहे. मग मागे वळून डेली सेंटरची इमारत बघा. १९६५ची ती इमारतही कॉर-टेनचीच. शिल्प आणि इमारत एकाच रंगाने जुनी होत आली आहेत. शिल्पाला रंग दिला असता तर हे नातं तिथेच संपलं असतं.

रंग दिलेलं पोलादही याच रस्त्यावर आहे. फ्लेमिंगो १९७४चा, ५३ फूट उंच, शेंदरी लाल. मागे वास्तुकार मीस व्हान डेर रोहच्या काळ्या, काटकोनी इमारती. तिथे तो लाल हवाच होता, कॅल्डरची निवड अचूक आहे. पण रंग दिला की त्याची देखभाल कायमची मागे लागते. उन्हाने लाल फिका पडतो, पत्र्याच्या धारेवर रंगाचा थर आपोआप पातळ बसतो आणि गंज तिथूनच शिरतो. म्हणजे ठरावीक काळाने घासा, प्राइमर द्या, पुन्हा रंगवा. फ्लेमिंगोच्या कमानींखालून चालत जा, लांबून त्याचा अंदाज येत नाही.

शागालच्या 'फोर सीझन्स'मध्ये शत्रू वेगळा, पण कारण पाणीच. ७० फूट लांब, १४ फूट उंच ठोकळा, वर दगड, काच आणि विटांचे हजारो तुकडे. तुकड्यांमधल्या चिरांत पाणी शिरून गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि तुकडा उचकटतो. म्हणून १९९४ मध्ये दुरुस्ती करून वर छत घातलं. मिरो (१९८१) घाईत पाहिलात तरी चालेल, बाकीच्या तिघांसमोर मला तो कमी पडतो.

आता बीन, म्हणजे अनिश कपूर यांचं 'क्लाउड गेट'. ॲडम्सवरून पूर्वेला मिशिगन ॲव्हेन्यूपर्यंत जा, तिथून उत्तरेला मिलेनियम पार्क. १६८ स्टेनलेस पत्रे वेल्ड करून सांधे चाळीस ग्रिटच्या, म्हणजे जाड दाण्याच्या घासपट्ट्यापासून सुरू करत पाच टप्प्यांत घासले आहेत. २००४ मध्ये अर्धवट अवस्थेत दाखवलं आणि २००६ मध्ये पूर्ण झालं, यावरून घासकामाचा आवाका कळेल. आत पोलादी कड्यांचा सांगाडा आहे आणि पत्रे त्याला लवचीक जोडांनी धरले आहेत, कारण उन्हाळा-हिवाळ्यात अख्खं कवच फुगतं-आकसतं. फोटो काढण्याआधी सांधा सापडतो का बघा. काम अव्वल आहे. पण पोलाद बाहेर कसं जगतं हे डिअरबॉर्नवर पाहून आलात तरच ते कळेल, म्हणून बीन शेवटी ठेवा.

'कळत नाही' याबद्दल एवढंच, की पिकासोने या शिल्पाला नावच दिलं नाही, देऊ केलेले एक लाख डॉलरही नाकारले आणि ते शहराला भेट दिलं. कुणाला त्यात बाई दिसते, कुणाला कुत्रा. बरोबर उत्तर शोधण्यात सकाळ घालवू नका.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाणार असाल तर डेली प्लाझावर ख्रिसमसचा बाजार भरतो आणि दुकानांच्या गर्दीत पायथा नीट दिसत नाही. आणि ओतीव लोखंडाचे १०६ बिनडोक्याचे पुतळे, शिल्पकार अबाकानोविचचं 'अगोरा', ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाला आहेत. ते वेळ उरला तरच, चालणं बरंच आहे.