वाचकांचे प्रश्न : बोअरला पाणी येते तरी कुठून?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जागतिक जलदिनाला आम्ही प्रभातफेरी काढतो, मुले ‘पाणी वाचवा’च्या घोषणा देतात, भिंतींवर चित्रे लावतो. तरीही उन्हाळा तोंडावर आला की गावात आधी बोअरची गाडी येते आणि मागोमाग टँकर. लोकांना हे पटेल असे नेमके काय सांगावे?

उत्तर : घोषणेत चूक काही नाही, पण ती ज्याला उद्देशून दिली जाते त्याच्या घरी बहुधा वाया घालवण्याइतके पाणीच नसते. दोन कोसांवरून हंडा आणणाऱ्या बाईला पाणी जपून वापरा असे सांगणे मला तरी अवघड वाटते. त्यापेक्षा गावापुढे हिशेब मांडावा आणि तो मुलांकडून मांडून घ्यावा. त्यासाठी एकच गोष्ट पाठ असली की पुरते : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लीटर पाणी होते.

समजा, गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे आणि पाऊस ५०० मिलिमीटर झाला. म्हणजे शिवारात ५०० कोटी लीटर पाणी पडले. आकडा ऐकून लोक खूश होतील, पण यातले बरेचसे पाणी उन्हाने उडून जाते, काही पिके व गवत पितात, काही ओढ्याने वाहून जाते. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात जमिनीखाली मुरणारा वाटा ढोबळपणे दहा टक्के धरला, तर हाती उरतात ५० कोटी लीटर. आता दीड हजार वस्तीला माणशी दररोज ५५ लीटर दिले, तर वर्षाला साधारण तीन कोटी लीटर लागतात. जनावरांचे त्यात मिळवले तरी गावाच्या पिण्यासाठी पाणी मुबलक आहे. मग टँकर का येतो?

याचे उत्तर पुढच्या ओळीत आहे. मोकाट पाण्यावरच्या उसाला हेक्टरी वर्षाला दोन कोटी लीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी दीड हेक्टर ऊस पिऊन टाकतो. गावात वीस-पंचवीस हेक्टर ऊस असेल तर पुढची बेरीज मुलांनाच करू द्यावी. मात्र हा तक्ता कुणाकडे बोट दाखवण्यासाठी वापरू नये. उसाला ठरलेला भाव आहे, कारखान्याची गाडी बांधावर येते. ज्वारीच्या वाट्याला यातले काही नाही. शेतकऱ्याने ऊस लावला तो अडाणीपणाने नव्हे, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढचे बोलणे कुणी ऐकून घेणार नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हाच हिशेब गावाच्या कारभारात आणला. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे पावसाळा संपल्यावर उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि रब्बीत काय पेरायचे हे त्यावरून ग्रामसभेत ठरते. समतल चर आणि बांधबंदिस्ती अनेक गावांनी केली. पण शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस-केळी लावायची नाही हा निर्णय फार थोड्यांना झेपला. त्याआधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून माणशी अर्धा एकर भिजेल एवढ्याच पाण्याचा हक्क ठरवला आणि तो भूमिहीनांनाही दिला.

शाळेत सुरुवात करायला एक पर्जन्यमापक आणि खुणा केलेली लांब दोरी एवढे सामान पुरेल. गावातल्या तीन-चार विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. विहिरीच्या काठावर मोठे माणूस सोबत असल्याशिवाय मुलांना पाठवू नये, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला म्हणून बोअर घेतला, तर ४०० फुटांपर्यंत नुसती धूळ निघाली. आणखी ३०० फूट गेलो तर पाणी लागेल का?

उत्तर : शक्यता कमीच आहे. जमिनीखाली नदी वाहते आणि पुरेसे खोल गेले की ती सापडतेच, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग लाव्हाच्या थरांनी बनलेला असून त्यातला घट्ट काळा पाषाण पाणी धरून ठेवत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि थरांमधल्या सांध्या-फटींत. जसजसे खाली जावे तसतशा या फटी सहसा विरळ होत जातात.

आपल्या बोअरशेजारी पडलेले ढीग पुन्हा एकदा पाहा. पहिला पिवळसर, भरड मुरमाचा असेल. पुढचे राखाडी, पिठासारखे. मध्ये कुठे विटकरी रंगाची माती दिसली तर तो दोन लाव्हाथरांमधला गेरू. राखाडी पीठ कोरडेच उडत राहिले असेल, तर गाडी सलग पाषाणात चालली होती. मे महिन्यात एखाद्या जुन्या विहिरीत डोकावले तर हेच उभे दिसते : झरे बहुधा मुरूम संपून पाषाण लागतो त्या सांध्यावर असतात. एखाद्या खोल फटीत पाणी लागलेच, तर ते वर्षानुवर्षे साठलेले असू शकते आणि उपसल्यावर लवकर भरून येत नाही. शिवाय महाराष्ट्र भूजल (विकास आणि व्यवस्थापन) अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरहून, म्हणजे सुमारे २०० फुटांहून खोल विहीर घेण्यास मनाई केली आहे. नारळाबद्दल एवढेच म्हणतो की बोअर फसला तर पाणाडी पैसे परत करीत नाही. पुढच्या वेळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकांचा सल्ला आधी घ्यावा.

प्रश्न : पुण्यातील आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचे पाणी थेट कोरड्या बोअरमध्ये सोडले तर चालेल का?

उत्तर : थेट सोडू नये. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहून जाऊ द्यावे आणि नंतरचे वाळू-खडीच्या गाळणीतून न्यावे, कारण एकदा दूषित झालेले भूजल स्वच्छ करणे जवळपास अशक्य असते. त्याआधी एक टँकर पाणी बोअरमध्ये ओतून पाहावे. ते तासाभरात उतरले तर खर्च करण्यात अर्थ आहे. तोंडाशी तुंबून राहिले तर बोअर सलग पाषाणात आहे असे समजून आवारात उथळ शोषखड्डा घ्यावा, आणि तोही मैलापाण्याच्या टाकीपासून दूर.