राजीनामा देण्याआधी विम्याचं बघ
चिंचोली एमआयडीसीतली नोकरी सोडून पुण्याला चाललास, छान झालं. पण मधल्या दोन महिन्यांचं काय? कंपनीचा ग्रुप आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. म्हणून आत्ताच एचआरला आणि विमा कंपनीला लेखी विचार, हीच पॉलिसी माझ्या नावावर वैयक्तिक करून मिळेल का? मिळाली तर आधी काढलेला प्रतीक्षा काळ, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायची मुदत, वाया जात नाही. कोरी नवी घेतलीस तर साधारण पहिले 30 दिवस अपघात सोडून आजारपणाला काही मिळत नाही, जुन्या दुखण्याला 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. आईची शुगर अजिबात लपवू नकोस रे, क्लेम तिथंच अडकतो. आणि घरचं रेशनकार्ड सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी हाताशी ठेव.