वाचकांचे प्रश्न : तारांच्या चाकामागे डिस्क ब्रेक

प्रश्न : माझ्याकडे १९६४ ची ॲम्बॅसेडर आहे. गेली दोन वर्षे आम्ही दोघे भाऊ तिच्यावर राबत आहोत. पत्र्याचे, रंगाचे आणि आतल्या बैठकीचे काम झाले आहे. एका जुन्या ब्रिटिश गाडीची १५ इंची, ६० तारांची, मधल्या एकाच नटावर बसणारी चाके मिळाली आणि ती ॲडॅप्टर लावून बसवली. आता पुढच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवायची आहे, पण आणलेला कॅलिपर (पॅडने डिस्कला चिमटीत धरणारा भाग) तारांना लागतो. मिस्त्री म्हणतात की कॅलिपर बाहेरून चार मिलिमीटर घासू आणि चाकामागे वीस मिलिमीटरचा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) देऊ. असे करावे का? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : यांतले काहीही करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ब्रेक दाबला की कॅलिपरची दोन अंगे एकमेकांपासून फाकू पाहतात आणि तो ताण बाहेरच्या अंगाची जाडीच पेलत असते. ती घासून कमी केली तर आधी पेडल मऊ लागते आणि पुढे ओतीव धातूला तडा जाऊ शकतो. स्पेसरबाबत सांगायचे तर आपल्या ॲडॅप्टरने चाक आधीच बाहेर सरकले आहे. त्यात आणखी वीस मिलिमीटर घातले की बेअरिंगवरचा आणि स्टडवरचा भार वाढतो, स्टिअरिंग जड होते आणि खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो.

चाकाच्या मागे पोकळी किती आहे हे आधी मोजावे आणि त्या पोकळीत मावेल असा कॅलिपर नंतर शोधावा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो, म्हणूनच घासाघाशीची वेळ येते. तारांच्या चाकात आतल्या रांगेच्या तारा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आतल्या टोकापासून निघून तिरक्या बाहेर रिमकडे जातात. त्यामुळे जागेचा आकार उथळ कढईसारखा होतो आणि कॅलिपरचे बाहेरचे अंग नेमके तारांच्या त्या उतारावर येते. दोन्ही बाजूंनी पिस्टन असलेल्या पक्क्या कॅलिपरचे हे अंग जाड असते. सरकत्या कॅलिपरमध्ये मात्र पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, बाहेर केवळ पॅडला धरणारा पंजा येतो, म्हणून माझे मत स्पष्टपणे सरकत्या कॅलिपरकडे झुकते. डिस्क हबच्या पुढून न लावता पाठीमागून बसवता आली, तर आणखी काही मिलिमीटर मोकळे होतात.

तारांची चाके आणि डिस्क यांचे मुळात वैर नाही. १९५३ मध्ये फ्रान्समधली ल माँची मोटार शर्यत जिंकलेल्या जग्वार सी-टाइपला डिस्क ब्रेकही होते आणि तारांची चाकेही होती. १९६२ च्या एमजीबीमध्ये १४ इंची चाकाआड पावणेअकरा इंचांची डिस्क मावत असे, तेव्हा १५ इंची चाकात जागाच नाही असे कोणी म्हटले तर ते मानू नये. फरक इतकाच की त्या गाड्यांचे हब, डिस्क आणि चाक हे एकमेकांसाठीच आखलेले होते. जग्वार ई-टाइपने तर मागच्या डिस्क चाकाजवळ न ठेवता आत डिफरन्शियलला (दोन मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीला) लागून बसवल्या, त्यामुळे मागे तारांचा प्रश्नच उरला नाही.

मोजण्यासाठी चाक पालथे ठेवून रिमच्या आतल्या काठावर सरळ पट्टी आडवी धरावी आणि दर दोन सेंटिमीटरवर तारांपर्यंतची खोली टिपावी. रिमचा व्यास त्याच्या सर्वांत अरुंद भागात, म्हणजे मधल्या खोलगट पट्ट्यात, मोजावा. त्यावरून जाड पुठ्ठ्याचा साचा कापला की कोणता कॅलिपर बसेल हे दुकानातच कळते. बसवल्यानंतर कॅलिपरच्या कोपऱ्यांवर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे गोळे लावावेत, चाक चढवून हाताने पूर्ण फिरवावे, मग चाक उतरवून दबलेला गोळा ब्लेडने कापून त्याची जाडी मोजावी. पत्र्याच्या चाकाला तीन मिलिमीटर मोकळीक पुरते, पण तारांच्या चाकाला मी सहाच्या खाली जात नाही. ही सावधगिरी मला अनुभवाने शिकवली आहे. माझ्या पहिल्या गाडीत एका गॅरेजने जेमतेम दोन मिलिमीटर सोडले होते. जॅकवर चाक निर्धास्त फिरले, परंतु वर्धा रोडवरच्या एका वळणावर चाक लवले आणि निपल (तारेला रिममध्ये धरणारे छोटे नट) कॅलिपरला घासून तीन तारा तुटल्या. चाकाचा तोल साधण्यासाठी चिकटवायची वजनेही कॅलिपरसमोर येणार नाहीत, हे टायरवाल्याला आधीच सांगून ठेवावे.

याहून मोठी काळजी मला आपल्या चाकांच्या वयाची वाटते. ब्रेकचा सगळा पीळ गाडीच्या ज्या हबवर चाक चढते त्यावरच्या खाचांमधून चाकात आणि तारांमधून रिमपर्यंत जातो, त्यामुळे ब्रेक जितका समर्थ तितकी या दोन्हींची परीक्षा कठीण. चाक उचलून एकाला ब्रेक दाबायला सांगावे आणि टायर दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवावा. टक् असा आवाज आला तर खाचा झिजल्या आहेत. निरोगी खाचेचा माथा सपाट असतो, झिजलेल्या खाचेचा करवतीच्या दात्यासारखा टोकदार होतो. अशा हबवर नवे चाक चढवले तर तेही लवकर खराब होते, म्हणून हब आणि चाक दोन्ही बदलावे लागतात. नंतर प्रत्येक तारेवर पान्याने हलके टोले द्यावेत. ताणलेली तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. आऊट काढणे, म्हणजे तारा ताणून चाक सरळ फिरते करणे, सायकलच्या दुकानातले काम नव्हे. मोटारीच्या तारा ताणण्याचा अनुभव असलेला कारागीरच शोधावा. डावीकडच्या आणि उजवीकडच्या हबचे आटे उलट असतात, ते अदलाबदल करू नयेत. खाचांना ग्रीस लावून मधला नट तांब्याच्या हातोड्याने घट्ट करावा आणि पहिल्या तीस किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा. तारांच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून टायरमध्ये ट्यूब आणि रिमवर रबरी पट्टी हवीच.

तेलाच्या बाजूचे काम थोडक्यात सांगतो. ड्रममध्ये फिरता ड्रम शूला (आतून ड्रमला घासणाऱ्या पट्टीला) स्वतःच आत ओढून घेतो, डिस्कमध्ये तशी मदत नसते, म्हणून पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर लागेल. कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने पेडलने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही जास्त तेल देणारा हवा आणि तो घेतानाच पुढच्या-मागच्या चाकांचे मार्ग वेगळे ठेवणारा दुहेरी घ्यावा. ड्रमसाठीचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह पुढच्या मार्गात राहिला तर पॅड डिस्कला सतत टेकून राहतात. मागचे ड्रम तसेच ठेवणार असाल, तर मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा, अन्यथा जोरात ब्रेक मारताच मागची चाके आधी अडकून गाडी आडवी होते. ब्रेक ऑइल डॉट ४ वापरावे. ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा येते, त्यामुळे दर दोन वर्षांनी तेल बदलणे मी आवश्यक मानतो.

प्रश्न : वरील काम केल्यावर जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी मिळेल का? (तेच वाचक)

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली बिगर-व्यावसायिक गाडी या नोंदणीस पात्र ठरते. मात्र अशी गाडी रस्त्यावर नेहमीच्या वापरासाठी चालवता येत नाही. आपल्याला गाडी रोज चालवायची असेल, तर सध्याचीच नोंदणी ठेवावी आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधील बदलांवरील बंधन लक्षात घेऊन काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारणा करावी. काढलेले ड्रम, शू आणि स्टब ॲक्सल विकू नयेत. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत, कारण पुढे कधी गाडी मूळ रूपात न्यावीशी वाटली तर याच वस्तू सर्वांत दुर्मीळ ठरतात.