सागाच्या चकतीवर पोट भरेल का?

नमस्कार,

श्रीवर्धनहून तुम्ही लिहिलंत: ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात परसातला साग पडला, मुलीने त्याच्या खोडाच्या चकतीवर ४१ वलये (वर्षाला एक) मोजली आणि आता बारावीनंतर ‘हेच शिकायचंय’ म्हणते. लाकडं मोजून पोट भरतं का?

नुसती मोजून नाही भरत. झाडांच्या वलयांच्या अभ्यासावरच जगणारे संशोधक आपल्याकडे थोडे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था, लखनौचं बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थान अशा ठिकाणी ते भेटतील. तिथवर एमएस्सी, पीएचडी करूनच पोचता येतं. म्हणून मी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातली वनशास्त्राची चार वर्षांची पदवी सुचवेन. पुढे संशोधनात मन रमलं नाही, तरी वनसेवेच्या परीक्षा देता येतात. शिवाय पोर एसटीने घरी येऊ शकते, हेही काही कमी नाही.

तिने गणित सोडलंय असं तुम्ही लिहिलंत, हे मात्र मला खटकलं. कारण खरं काम मोजण्यानंतर सुरू होतं. साग उन्हाळ्यात पानं गाळतो, वाढ थांबते, पावसाबरोबर पुन्हा सुरू होते. म्हणून त्याची वलये स्पष्ट दिसतात. (नारळ-पोफळीत ती शोधू नका, नसतातच.) पण एखादं वलय अरुंद का? पाऊस कमी पडला म्हणावं, तर आपल्याकडे तो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. मग शेजारच्या फणसाची सावली आली? कोणी कवळ (पालेदार फांद्या) तोडलं? मुळांना कातळ लागला? की झाडाचं वयच झालं? खोड जाड होत जातं तशी वलये आपसूक अरुंद होतात. ही कारणं एकमेकांपासून सोडवायची तर संख्याशास्त्र हवं. ‘आर’ ही संगणक भाषा फुकट आहे, सुट्टीत सुरू करू दे.

आणि ४१ हा आकडा अजून पक्का धरू नका. मधेच पावसाने ताण दिला तर सागात खोटं, म्हणजे त्याच वर्षातलं जादा, वलय उमटतं. वखारीतून त्याच भागातल्या आणखी चार-पाच सागांच्या चकत्या आणा, पॉलिशपेपरने घासा आणि अरुंद वलये एकमेकांशी जुळतात का बघा. तुमचा साग पावसाच्या तोंडावर पडला, त्यामुळे सालीलगतचं शेवटचं पुरं वलय २०१९चं. तिथून मागे मोजायचं.

तो साग उभा होता तिथे माती किती होती, शेजारी कोणती झाडं होती आणि ती कधी तोडली, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून तिने आत्ताच लिहून ठेवावं.